मित्रांनी फोडलेला बांध

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडाफार नीटनेटका करून)



मसाला दुधाचे पेले हातात येईपर्यंत वीस मिनिटं कोणीतरी बोलावं, असं कार्यकारिणीचं म्हणणं होतं, आणि ते "कोणीतरी" म्हणजे मी. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, धंद्याने आयटी कन्सल्टंट. स्लाइड नसेल तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, असं माझी बायको म्हणते. आज स्लाइड नाही. गेल्या ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी शनिवारची गोष्ट आहे, तेवढीच सांगतो. सुरुवात गमतीची आहे, पुढे ती तशी राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही बाडहूव्हडॉर्पला राहतो. विमानं डोक्यावरून जातात आणि शिपोल इतकं जवळ की पाहुण्यांना आणायला जाताना गाडी गरम व्हायच्या आत पोचतो. गेल्या वर्षी आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. बाबा पेण तालुक्यातल्या खारेपाटातले. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले, पण मूळ शेतकरीच. ज्यांना खारेपाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: खाडीलगतच्या सखल जमिनीला मातीचा बांध घालून समुद्राचं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात पिकवायचा. बांधाला जागोजागी उघाड्या असतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायला. थोडक्यात, हॉलंडच, फक्त पवनचक्की नाही आणि बजेट नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "बाबा, आपण आत्ता समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली उभे आहोत. हे पूर्वी हारलेमरमेर नावाचं मोठं तळं होतं. १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षं वाफेचे पंप लावून ते उपसलं. त्यातला एक पंप इथून जवळच, लाइन्डनला होता." बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "म्हणजे तू तळ्याच्या तळाशी घर घेतलंस. आणि मला सांगत होतास, बाबा, खारेपाटातली जमीन विकून टाका, तिथे काही खरं नाही."

यावर मी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईल.

तर तो शनिवार. पावसाच्या अ‍ॅपवर सगळा देश निळा. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला शाळेत दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू होता आणि तिला "काहीतरी खरं" बघायचं होतं. आईला जुनं गाव बघायचं होतं, बाबांना बांध बघायचा होता. तिघांना एकाच दिवसात खूश करायचं तर एकच ठिकाण सुचलं: मिडलबर्ग. झेलंड प्रांताची राजधानी, आणि त्याआधी वाल्खरेन नावाच्या बेटाचं मुख्य गाव. आमच्याकडून गाडीने दोन तास.

वाटेत बाबा सारखे विचारत होते, "बेट ना? मग होडी कुठाय? पूल तरी कुठाय?" होडी नाही, पूल नाही. १८७१ साली मधल्या स्लू नावाच्या खाडीवर बांध घालून आगगाडी नेली, तेव्हापासून बेटाचं बेटपण संपत गेलं. आता हायवेवरून बेट कधी सुरू झालं तेही कळत नाही. फक्त आभाळ मोठं होतं आणि झाडं एका बाजूला कललेली दिसू लागतात.

मिडलबर्गला उतरलो तेव्हा पाऊस असा की छत्री नावापुरती. समोर नगरभवन, म्हणजे जुनं स्टाडहाउस. पंधराव्या शतकात बांधायला घेतलेलं, दर्शनी भिंतीवर हॉलंड-झेलंडच्या जुन्या काउंट-काउंटेसांचे पुतळे. आई म्हणाली, "काय सुंदर जपलंय गं बाई!" ती हे सुनेला सांगत होती. मग मी रात्री वाचून ठेवलेलं ज्ञान बाहेर काढलं. आई, हे जपलेलं नाही. हे जळून गेलं होतं, आणि परत उभं केलंय.

१० मे १९४० ला जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला. त्याच पहाटे आपल्या शेजारच्या शिपोलवर बॉम्ब पडले. १४ मे ला रॉटरडॅम जळलं आणि त्याच दिवशी डच सेनापती विंकेलमन यांनी शस्त्रं खाली ठेवली. पण त्यातून झेलंड वगळलं होतं, कारण तिथे डचांच्या मदतीला फ्रेंच सैन्य आलं होतं. म्हणजे देशाचं युद्ध संपलं, या कोपऱ्याचं चालूच. १७ मे ला मिडलबर्गचा मध्यभाग पेटला. सुमारे सहाशे इमारती गेल्या. आग नक्की कोणाच्या तोफगोळ्यांनी लागली, जर्मनांच्या की माघार घेणाऱ्या फ्रेंचांच्या, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. बरेच लोक आधीच गाव सोडून गेले होते म्हणून माणसं थोडी गेली. गाव मात्र गेलं.

नगरभवनासोबत गावाचं जुनं दप्तरही जळालं. शेकडो वर्षांचे ठराव, हिशोब, वारसांच्या नोंदी. जवळजवळ सगळं. इथे बसलेल्या आयटीवाल्यांना मी वेगळं सांगायला नको: एकच प्रत, एकच इमारत. आपण दर सोमवारी क्लायंटला बॅकअपवर प्रवचन देतो आणि आपल्या आजोबांचं जन्मसाल आपल्याला ठाऊक नसतं. याच मिडलबर्गला डच ईस्ट इंडिया कंपनीचं झेलंडचं कार्यालय होतं, अ‍ॅमस्टरडॅमच्या खालोखाल मोठं. सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला ज्या कंपनीची वखार होती, तीच ही कंपनी. बाबा वेंगुर्ल्याची पडकी वखार बघून आलेत. म्हणाले, "तिकडे भिंती राहिल्या, छप्पर गेलं. इकडे छप्पर आहे, आतलं गेलं."

मग लांग यान. म्हणजे "लंबू यान", मठाच्या चर्चचा नव्वद मीटर उंच मनोरा. १९४० मध्ये तो पेटला, त्याचं वरचं टोक कोसळलं, आणि युद्धानंतर तो पुन्हा पूर्ण केला. पायऱ्या २०७, बाबांचे गुडघे दोन. आम्ही खालूनच नमस्कार केला आणि कॉफी प्यायला गेलो. तिथे झेलंडचा बोलस खाल्ला, दालचिनी आणि साखरेच्या पाकातला वेटोळा पाव. आई म्हणाली, "चकली बिघडली की अशी होते, पण गोड आहे."

बाहेर पडून हेरेनस्ट्राटवर गेलो. तिथे ज्यूंचं सिनेगॉग आहे, १७०५ सालचं. मार्च १९४२ मध्ये झेलंडमधल्या ज्यूंना घरं सोडून अ‍ॅमस्टरडॅमला जायला लावलं, आणि तिथून पुढे छळछावण्यांकडे. फार थोडे परतले. इमारत नंतर दुरुस्त केली, भरायला माणसं नव्हती. लेकीने विचारलं, "ते कुठल्या स्टेशनवरून गेले?" मी म्हटलं, बहुतेक आपण आलो त्याच बाजूच्या. ती गप्प झाली. मीही.

आता मुख्य गोष्ट. गाडी काढली आणि अर्ध्या तासावर वेस्टकापेलेला गेलो, बेटाच्या पश्चिम टोकाला. तिथे समुद्राला अडवणारा प्रचंड बांध आहे. वर एक शेरमन रणगाडा ठेवलाय. बांधाच्या आतल्या बाजूला गावाला लागून एक तळं आहे, नकाशावर उगाच सांडल्यासारखं. बाबांनी तळं बघितलं, मग बांध बघितला, आणि मला म्हणाले, "इथे खांड गेली होती."

मंडळी, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. खारेपाटात बांध फुटला की "खांड गेली" म्हणतात. भरतीचं पाणी खांडीतून आत घुसतं आणि मागची जमीन खोल खरवडतं. बांध बुजवला तरी तो खड्डा तळं म्हणून मागे राहतो. बाबांनी आयुष्यात अशा खूप खांडी बघितल्या आहेत. त्यांना फलक वाचावा लागला नाही.

पण ही खांड उधाणाने गेली नव्हती. ती पाडली होती. आणि जर्मनांनी नव्हे, तर दोस्तांनी.

असं झालं. ४ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिशांनी अँटवर्प घेतलं, गोद्या, क्रेन, सगळं जवळजवळ शाबूत. सैन्याला रसद द्यायला असं बंदर हवंच होतं. पण अँटवर्पला जायचं तर वेस्टरस्खेल्डेच्या मुखातून जावं लागतं, आणि त्या मुखावर वाल्खरेन बेट. त्याच्या काठावर जर्मन तोफा. दुकान मिळालं, पण गल्लीच्या तोंडाशी गुंड बसलेला. वाल्खरेनचा आकार बशीसारखा: कडेने वाळूच्या टेकड्या आणि बांध, मध्ये सखल शेती. कॅनडाचे जनरल सायमंड्स यांनी आग्रह धरला, बशीत समुद्र सोडा; जर्मन कडेवर अडकतील, त्यांच्या हालचाली बंद पडतील. आयझेनहॉवरने मान्यता दिली. २ ऑक्टोबरला विमानांनी पत्रकं टाकली, लोकहो, निघून जा. ३ ऑक्टोबरला दुपारी ब्रिटिश बॉम्बर लाटांमागून लाटा आले आणि वेस्टकापेलेचा बांध फुटला. पुढच्या आठ-नऊ दिवसांत फ्लिसिंगनजवळ आणि फेरेला आणखी खांडी पाडल्या. बेटाचा बहुतेक भाग खाऱ्या पाण्याखाली गेला. दिवसातून दोनदा भरती आत, दोनदा ओहोटी बाहेर, आणि दर फेरीला खांड रुंद.

वेस्टकापेलेत त्या दिवशी सुमारे दीडशे गावकरी मेले. एका गिरणीच्या आश्रयाला चाळीसहून जास्त माणसं गेली होती, बायका-मुलं धरून. बॉम्बने वाट बुजली, आणि मग भरती आली. त्यापुढचं मी लेकीला सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

मिडलबर्ग जरा उंचावर, त्यामुळे पाणी गावाच्या कडेला येऊन थांबलं. आसपासच्या खेड्यांतले लोक गाईगुरं घेऊन तिथे शिरले. गावात नेहमीच्या जवळजवळ दुप्पट माणसं. मूळचं बेट बुडालं आणि त्याची राजधानी स्वतःच एक बेट झाली.

१ नोव्हेंबरला दोस्तांचं सैन्य फ्लिसिंगन आणि वेस्टकापेलेला उतरलं. वेस्टकापेलेला तर त्याच खांडीच्या दोन्ही अंगांना. तिकडे स्लूच्या अरुंद बांधावर कॅनडाची पोरं आदल्या दिवसापासून मरत होती. ६ नोव्हेंबरला मिडलबर्ग सुटलं, आणि ते कसं, हा या गोष्टीतला एकच हसण्यासारखा भाग. रॉयल स्कॉट्सची मूठभर तुकडी पाण्यात चालणाऱ्या बफेलो गाड्यांतून गावात शिरली. जर्मन जनरल डासर म्हणाले, मी शरण येईन, पण माझ्या तोलामोलाच्या अधिकाऱ्यालाच. तुकडीचा प्रमुख साधा मेजर, जॉन्स्टन नावाचा. त्याने खांद्यावर एक जादा चांदणी लावली, लेफ्टनंट कर्नल झाला, आणि डासरसकट सुमारे दोन हजार जर्मन ताब्यात घेतले. अप्रेझल नाही, एचआर नाही, जागच्या जागी प्रमोशन! या हॉलमध्ये हे ऐकून काही जणांचे डोळे पाणावले असतील.

२८ नोव्हेंबरला पहिला मोठा ताफा अँटवर्पला लागला. स्खेल्डेच्या या सगळ्या लढाईत दोस्तांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे तेरा हजार, त्यातले जवळजवळ निम्मे कॅनेडियन. त्याच वर्षीच्या जुलैत इटलीत आपल्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे लढताना पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. बाबांनी तो एसटीतून शंभरदा पाहिलाय. बांधावर पावसात उभं राहून म्हणाले, "घाडग्यांचं गाव कुठं, ती टायबर नदी कुठं. आणि ह्या कॅनडाच्या पोरांनी ह्या गावाचं नाव तरी ऐकलं असेल का?"

तेवढ्यात लेकीने प्रश्न विचारला. तिने डचमध्ये विचारला, मी मराठीत सांगतो: "बाबा, ते तर आपल्या बाजूचे होते ना? मग आपल्याच लोकांचा बांध त्यांनी का फोडला?"

मी कन्सल्टंट आहे. "इट डिपेंड्स" हे माझं कुलदैवत. मी सुरुवात केली, की बघ, युद्ध लवकर संपायला बंदर लागत होतं, एकूण विचार केला तर... आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. एकूण विचार केला तर काय? बाबांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "बाळा, आग लागली की कधी कधी मधली झोपडी पाडावी लागते, नाहीतर सगळी वाडी जळते. पण झोपडीवाल्याने काय करायचं?"

ती म्हणाली, "त्यांना चिठ्ठी टाकली होती ना, की जा म्हणून?"

"चिठ्ठी टाकली. पण बेटावरच्या माणसाने जायचं कुठे?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बुजवायला आले का रे नंतर?"

हा प्रश्न मी कुठल्याच पुस्तकाला विचारला नव्हता. मला सुचलाच नव्हता. मी रात्रभर वाचलं होतं, विमानं किती, तोफा किती. बाबांना एवढंच हवं होतं, की बुजवली कोणी.

बुजवली. त्याची गोष्ट लढाईइतकीच मोठी आहे. वर्षभर डच माणसं दिवसरात्र त्या खांडींशी झगडली. फांद्यांच्या विणलेल्या मोठमोठ्या चटया, त्यावर दगड टाकून बुडवायच्या. गाळ उपसणारी जहाजं आणि बुडवायला जुन्या बोटी आणायच्या. नॉर्मंडीच्या तरंगत्या बंदरासाठी केलेल्या काँक्रीटच्या पेट्यासुद्धा वापरल्या. वेस्टकापेलेची खांड १९४५ च्या ऑक्टोबरात बंद झाली, शेवटची १९४६ च्या फेब्रुवारीत. डेन डोलार्ड नावाच्या लेखकाने यावर १९४७ मध्ये कादंबरी लिहिली, तिच्या नावाचा अर्थ होतो "हाकलून दिलेलं पाणी". बाबा म्हणाले, "आमच्याकडे पेंढा आणि चिखल, आणि घरटी एक माणूस. बाकी रीत तीच."

पाणी गेलं तरी मीठ राहिलं. झाडं मेली होती. चिकणमातीत मिठातलं सोडियम बसलं की माती ओली असताना लोण्यासारखी आणि सुकल्यावर विटेसारखी होते. म्हणून शेतात जिप्सम टाकलं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, आणि सुटलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो. बाबांना हे सांगितलं तर ते आभाळाकडे बघून म्हणाले, "मग हा पाऊस काही वाईट नाही." खारेपाटातही तसंच करतात: खांड बुजली की पहिले पावसाळे शेतात गोडं पाणी भरून सोडत राहायचं. मग राता भात लावायचा, तो थोडं मीठ सोसतो.

आता मी का गप्प बसलो होतो ते सांगतो. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या गावच्या बांधाला खांड गेली. बाबांचा फोन आला तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होतो. "खांड गेली रे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, विकून टाका आता." पूर्वी गाव गोळा व्हायचा आणि खांड दोन भरत्यांच्या मध्ये बुजायची. आता गावात माणसंच नाहीत. आम्ही सगळे असे कुठे कुठे. अर्ज झाले, पाहण्या झाल्या. कोणाला दोष द्यायला मी हे सांगत नाही, कारण घरटी एक माणूस या हिशोबात आमच्या घरचा माणूस मीच होतो आणि मी आलो नव्हतो. आज त्या तीन एकरांत तिवरं उगवली आहेत. एकदा कांदळवन झालं की कायद्याने ते तोडता येत नाही. तो कायदा योग्यही आहे. किनाऱ्याला तिवरं हवीतच. पण भात गेला तो गेला.

परतीच्या वाटेवर सगळे झोपले, बाबा सोडून. बर्खन ऑप झोमच्या आसपास ते म्हणाले, "तुझं चुकलं नाही. इथल्यांनी देश म्हणून बांध बांधला, आम्ही गाव म्हणून बांधला. गाव गेलं की बांध जातो." मी म्हटलं, "बाबा, मी यायला हवं होतं." ते म्हणाले, "हो." मग बराच वेळ फक्त वायपरचा आवाज.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीची शाळेची वही मागून घेतली. तीन दिवस बसून आमच्या खाराचा नकाशा काढला. उघाडी कुठे होती, कुठल्या तुकड्याला काय म्हणायचे, कोणाच्या घरातला माणूस खांडीवर कुठे उभा राहायचा, कुठल्या साली बांध फुटला आणि किती दिवसांत बुजवला. खाली सही आणि तारीख, मास्तरच ते. मी ती वही स्कॅन केली. एक प्रत इथे, एक पुण्याला बहिणीकडे, एक क्लाउडवर. मूळ वही बाबा घेऊन गेले. या मे महिन्यात मी गावी गेलो, तेव्हा ती वही घेऊन आम्ही दोघं बांधावर चालत गेलो, जिथपर्यंत बांध आहे तिथपर्यंत. तिवरं माझ्या खांद्याला लागत होती. बाबा एकेका जागेचं नाव सांगत होते आणि लेक नकाशावर खुणा करत होती. जमीन विकलेली नाही. तिचं काय करायचं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

तर मंडळी, दिवाळीत घरी फोन लावाल तेव्हा फराळ काय केला हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारा. बांध असो, विहीर असो, वाड्याची भिंत असो. तुमच्याकडची खांड कुठे गेली होती आणि बुजवायला कोण कोण आलं होतं? आणि ते लिहून घ्या, दोन प्रती काढा.

दूध आलेलं दिसतंय.